ऐंशी ग्रॅम हर्सब्रुकर

१

दुपारी चष्म्याच्या दुकानातून घरी आल्यावर सुनेला आधी दिसली ती अण्णांची चप्पल. एकच, आणि तीही तळघराच्या जिन्यावर उलटी पडलेली.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. चपला काढल्या की जोडून भिंतीशी लावणारा माणूस. उभं आयुष्य कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात गेलेलं, त्यामुळे घरातला नळ टपकला तरी त्यांना चैन पडत नसे.

"अण्णा?"

खालून फक्त फ्रिजची घरघर ऐकू आली. ती एकेक पायरी उतरली. तळघरात त्या दोघांचा बिअर बनवायचा संसार होता. मोठं पातेलं, आंबवायचे ड्रम, बाटल्यांची मांडणी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बोलायला विषय सापडेना, म्हणून अण्णांनी तिला एकदा पातेलं ढवळायला बसवलं होतं. तेव्हापासून सासरा आणि सून या खोलीत तासन् तास रमत.

अण्णा ड्रमच्या आणि मांडणीच्या मधे पडले होते. तोंड पांढरंफटक, ओठ निळसर. तिने मनगट धरलं. नाडी लागली असं वाटलं, मग नाही असं वाटलं, मग पुन्हा लागली. इतकी सावकाश, की पुढचा ठोका येतो की नाही या धास्तीने तिचाच श्वास अडकला.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले तेव्हा नवराही येऊन पोचला होता.

"हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या घेतात का ते?" डॉक्टरांनी विचारलं. "रक्तदाबासाठी देतात त्या."

"त्या मी घेतो," नवरा म्हणाला. "अण्णा डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत."

"मग कुणीतरी त्यांना दिल्यात. एक-दोन नाही, भरपूर. शुद्धीवर कधी येतील ते सांगता येत नाही. शेवटचं काय खाल्लं-प्यायलं त्यांनी?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"माझी बिअर," ती म्हणाली. "सकाळी जाताना मीच ओतून दिली होती."

२

दुसऱ्या दिवशी तळघरात इन्स्पेक्टर बाई आल्या. ठेंगण्या, जाडसर, खांद्याला भाजीच्या पिशवीसारखी झोळी. आल्या आल्या त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

"घाबरू नका असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "घाबरायची पाळी आहेच. आमच्या तपासणीत बाटली स्वच्छ निघाली. ग्लासात मात्र गोळ्यांचा चुरा सापडला. ओतून तुम्ही दिलीत, गोळ्या तुमच्या घरात आहेत, आणि सकाळी घरात तुम्ही दोघंच होता. बरोबर?"

"बरोबर." तिने हात ओढणीत गुंडाळले. "पण मी घोटभर पिऊन झाल्यावर निघाले. त्यांच्यासमोर, त्याच ग्लासातून. मला काही झालं नाही."

"असं तुम्ही म्हणता." इन्स्पेक्टर बाईंनी मांडणीवरची बाटली हातात घेऊन, लांब धरून, तिच्यावरची चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला.

"तुमचा नंबर वाढलाय," सुनेच्या तोंडून निघून गेलं. "माफ करा. धंद्याची सवय."

"ठाऊक आहे. पण चष्मा बदलला की म्हातारी झाले असं वाटेल." बाईंनी बाटली उघडली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं बाई! हे लोक आवडीने पितात?"

"अशी नसते हो! ही बिघडली." एवढं बोलून तिला रडू आलं. कालपासून डोक्यात एकच किडा वळवळत होता, की आपणच काहीतरी घोळ घातला. ड्रम धुवायचं औषध आत राहिलं का? पातेल्यात काही पडलं का? "अण्णांच्या वाढदिवसासाठी करत होते. त्यांना कळू न देता. ते गावाला गेले होते तेवढ्यात. त्यांना मऊ, सोनेरी बिअर आवडते. नाक केव्हाच गेलंय त्यांचं, वास येत नाही, पण जीभ अजून शाबूत आहे. त्या बिअरला हॅलरटाऊ मिटलफ्रू जातीचे हॉप्स लागतात."

"हॉप्स म्हणजे?"

"एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून हिरवे दाणे करून विकतात. बिअरला कडूपणा आणि वास त्यानेच येतो. जर्मन जातींमध्ये काही मऊ असतात, काही जहाल. पाकिटावर आकडा असतो, त्याला आम्ही अल्फा म्हणतो. आकडा जितका मोठा, तितका कडूपणा जास्त. मिटलफ्रूचा चार. पण दुकानात मिटलफ्रू संपले होते. बदली काय वापरावं ते मला ठरवता येईना. अण्णांना विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून काकांना फोन केला."

"काका?"

"अण्णांचे मित्र. एकाच कचेरीत दोघं बॉयलर तपासायचे. अण्णांना बिअरचा नाद त्यांनीच लावला. ते म्हणाले, हर्सब्रुकर घे. तीही मऊच जात, अल्फा तीन. आकडा कमी, म्हणून वजन वाढवायचं. साठ ग्रॅमच्या जागी ऐंशी. साठ चोक दोनशे चाळीस, ऐंशी त्रिक दोनशे चाळीस. कडूपणा तेवढाच राहायला हवा होता."

"आणि झाला किती?"

"चौपट तरी. दोन आठवड्यांपूर्वी बाटली उघडली तेव्हाच कळलं. ओतूनच टाकणार होते. पण काका म्हणाले, राहू दे, मुरेल. आणि काल सकाळी अण्णांनी मांडणीवर बाटल्या पाहिल्याच. मग लपवणार काय? एक घोट घेऊन म्हणाले, झकास जमलीय." ती थांबली. "माझी बिअर कितीही बिघडली तरी ते ग्लास रिकामा करतात. मला वाईट वाटू नये म्हणून."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच. घरात चेष्टा करतात त्यावरून."

इन्स्पेक्टर बाईंनी बोट रुमालाला पुसलं.

"त्या गोळ्या मी चाखून पाहिल्यात. कडूजार असतात. तुमच्या नेहमीच्या मऊ बिअरमध्ये घातल्या असत्या तर पहिल्याच घोटाला अण्णांनी थुंकून टाकलं असतं. या बिअरमध्ये मात्र काही कळायचं नाही. म्हणजे बिअर कडू होणं हा अपघात नव्हे. कुणीतरी ती कडू केली, आठवडेच्या आठवडे आधी." त्या उठल्या. "ते कुणी केलं ते कळलं की माणूस सापडला. आणि आजघडीला त्याचं उत्तर एकच आहे. तुम्ही."

३

संध्याकाळी नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"एक विचारू? रागावू नकोस. माझ्या गोळ्यांच्या डबीत हात... म्हणजे चुकून, दुसरं काही समजून..."

"नाही," ती म्हणाली.

"मी आपलं विचारलं."

"मी आपलं सांगितलं."

तो मान हलवून दवाखान्यात जायला निघाला. तिने कट्टा पुसायला घेतला आणि पुसलेलाच भाग पुन्हा पुन्हा पुसत राहिली. चपला घालता घालता तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "अण्णा दोन-अडीच महिने अस्वस्थ होते. त्या लॉन्ड्रीच्या बॉयलरची चौकशी पुन्हा उघडतायत ना, तेव्हापासून."

ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. काही वर्षांपूर्वी एका लॉन्ड्रीत बॉयलर फुटून कपडे धुणाऱ्या दोन बायका गेल्या होत्या. मालकाने जादा वाफ सोडणारी झडप बांधून ठेवली होती असं तेव्हा ठरलं आणि प्रकरण मिटलं. अण्णांचा त्या बॉयलरशी काही संबंध नव्हता.

तासाभराने दीर पोलीस ठाण्यात चौकशीच्या खोलीत बसला होता. नवऱ्याचा धाकटा भाऊ. रेखाटनं काढणारा, नोकरीच्या शोधात असलेला, आणि खोटं बोलताना कान चोळणारा. इन्स्पेक्टर बाईंनी सुनेला शेजारच्या खोलीत बसवलं होतं आणि मधलं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"हॉप्सचं पाकीट तुम्ही आणलंत?"

"हो. वहिनीने फोन केला, मी त्या बाजूलाच होतो. दुकानातून घेतलं आणि सरळ घरी आणून दिलं."

"सरळ?"

"सरळ." त्याचा हात कानाकडे गेला. "वहिनी असलं काही करणार नाही हो. मी लिहून देतो."

"अण्णांशी तुमचं कसं काय?"

"बाप-लेकाचं असतं तसंच. दोन-अडीच महिन्यांत दोनदा खटके उडाले."

"कशावरून?"

तो खाली पाहत राहिला. कान आता लाल झाला होता.

"ते घरातलं आहे," तो म्हणाला, आणि त्यापुढे एक अक्षर बोलला नाही.

४

"मला त्या हॉप्समधलं ओ की ठो कळत नाही," इन्स्पेक्टर बाई सुनेला म्हणाल्या. "तुम्ही बरोबर चला. शिवाय तुम्ही डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या."

काकांचं घर टेकाडाच्या रस्त्यावर होतं, पुढे छोटी बाग. काका एकटेच राहत. दार उघडताच त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"कसा आहे तो? मला दोन दिवस झोप नाही. मीच यायला हवं होतं दवाखान्यात, पण हा गुडघा..." ते लंगडत आत गेले. त्यांच्या मागून म्हातारं करडं कुत्रं सावकाश आलं आणि इन्स्पेक्टर बाईंच्या पायाशी बसलं. बाईंनी त्याचे कान खाजवले, मग पुढचा पाय हातात घेतला. पंजाच्या वर एका जागी केस भादरलेले होते आणि आता खुरटे खुरटे उगवत होते.

"सलाइन लावलं होतं वाटतं याला?"

"हो. ऊन लागलं होतं बिचाऱ्याला."

"माझ्याकडेही आहे एक. सोफा खाल्लाय त्याने माझा." बाई हसल्या आणि अंगावरचा कोट काढून मांडीवर घेतला. "तुम्ही हल्ली बिअर करता?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बंद. वर्ष होऊन गेलं. सामान सगळं माळ्यावर, एक दाणाही घरात नाही. या पोरीला मात्र फोनवर सल्ले देतो." ते सुनेकडे वळले. "सूनबाई, मनाला लावून घेऊ नकोस. पण खरं सांगू? नवख्या माणसाकडून असं होतं. ऐंशी ग्रॅम म्हणजे थोडेथोडके नाहीत. एवढे हॉप्स टाकल्यावर बिअर कडू होणारच."

तिची मान खाली गेली. म्हणजे चूक आपलीच. तिने मनातल्या मनात गणित पुन्हा मांडलं, ते पुन्हा बरोबर आलं, आणि तरीही तिला वाटलं की काका म्हणतात तर काहीतरी चुकलंच असणार.

"परवा दुपारी तुम्ही कुठे होता?" बाईंनी सहज विचारलं.

"इथेच. पुस्तक वाचत."

बाहेर पडल्यावर इन्स्पेक्टर बाई फाटकाशी थबकल्या. रस्त्याच्या टोकाला बिअरच्या सामानाच्या दुकानाची पाटी दिसत होती.

"म्हणजे दुकानातून निघालेला माणूस या फाटकासमोरूनच जाणार," त्या म्हणाल्या. "चला, पाटीवाल्यांना भेटू. तुमची एक बाटली मी झोळीत टाकली आहे."

५

दुकानदार उंच, वाकलेला माणूस होता. भिंतीला लागून थंड कपाटं, त्यांत जातवार मांडलेल्या हॉप्सच्या बरण्या. गिऱ्हाईकाला हवे तेवढे दाणे तो चंदेरी पिशवीत घालून देई, पिशवीचं तोंड दाबून बंद करी आणि वर जातीची चिठ्ठी चिकटवी.

त्याने ग्लासात बिअर ओतली, उजेडात धरली, आणि नाक आत खुपसून बराच वेळ हुंगली. मग घोट घेतला.

"यात काय घातलंत म्हणालात?"

"हर्सब्रुकर," सून पुटपुटली. "ऐंशी ग्रॅम सुरुवातीला उकळीत, कडूपणासाठी. वीस ग्रॅम अगदी शेवटी, वासासाठी. तुमच्याकडचेच, शंभराचं पाकीट."

"हे? हर्सब्रुकर?" त्याने ग्लास खाली ठेवला. "ताई, तुम्ही दोनशे ग्रॅम टाकले असते तरी हर्सब्रुकर इतके कडू झाले नसते. मऊ जात ती. वजन वाढवतात ते कडूपणा नेहमीइतका यावा म्हणून, वाढावा म्हणून नव्हे. आणि शेवटी वीस ग्रॅम टाकलेत ना? मग वाळल्या गवताचा, फुलांचा वास यायला हवा. इथे वास जवळजवळ नाहीच. नुसता सरळसोट कडूपणा. हे मॅग्नम आहेत. तेही जर्मनच, पण अल्फा बारा. कडूपणासाठीच वापरतात, आणि तेही जपून, चिमूटभर."

सुनेने डोळे मिटून आकडा केला. "तीनच्या जागी बारा. चौपट."

"तुमच्या हातून बरणी बदलली असेल," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

"मॅग्नम माझ्याकडे गेल्या वर्षापासून आलेलेच नाहीत. बघा हवं तर कपाटं. काकांसारख्या जुन्या गिऱ्हाइकांच्या फ्रीझरमध्ये पडून असतील तर असतील."

"ताई, पाकीट उघडलंत तेव्हा वासावरून कळलं नाही तुम्हाला?"

"हर्सब्रुकर मी आधी कधी वापरलेच नव्हते. चिठ्ठी बघितली आणि विश्वास ठेवला."

सून दुकानाबाहेर आली. चूक तिची नव्हती. पण ते सुख मिनिटभरही टिकलं नाही, कारण पुढचं तिला लगेच दिसलं. दुकानात पाकीट बरोबर होतं आणि घरी आलं तेव्हा चुकीचं होतं. मधल्या रस्त्यात ते एकाच माणसाच्या हातात होतं. तिच्या लग्नात नवऱ्यापेक्षा जास्त नाचलेल्या, तिला चिडवून चिडवून या घरात रुळवलेल्या तिच्या दिराच्या.

६

"भाऊजी, माझ्याकडे बघून सांगा," ती म्हणाली. इन्स्पेक्टर बाई खिडकीशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या. "सरळ घरी आला होता?"

कानाकडे गेलेला हात त्याने स्वतःच खाली घेतला.

"नाही. काकांनी फाटकातून हाक मारली. ते माझ्या नोकरीसाठी कुणाला तरी फोन करणार होते. अण्णांनी बजावलं होतं, काकांच्या शब्दावर मिळालेली नोकरी या घरात नको. का, ते सांगेनात. त्यावरूनच आमचे खटके उडाले. मी तरी गेलो, वहिनी. चहा झाला, त्यांनी मला आत फोनवर बोलायला बसवलं. पिशवी बाहेरच्या खोलीत राहिली."

"आणि हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाहीत!" तिचा आवाज चढला. "इकडे माझ्या गळ्याशी आलंय!"

"अण्णा शुद्धीवर आले आणि त्यांना कळलं तर, असं वाटलं. आणि काकांचा यात काय संबंध असेल असं..."

इन्स्पेक्टर बाईंनी कोट चढवला. "मला वाटेत एकांना भेटायचंय. जनावरांचे डॉक्टर आहेत. मग काकांकडे जाऊ."

काकांनी दार उघडलं तेव्हा या वेळी ते हसले नाहीत.

"दोन गोष्टी अडल्यात," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पहिली. बिअर इतकी कडू झाली हे ऐकून ही चक्रावली. दुकानदार चक्रावला. हर्सब्रुकर इतके कडू होऊच शकत नाहीत, असं ज्याला त्यातलं कळतं तो प्रत्येक जण म्हणाला. अण्णांना हा नाद लावणारे तुम्ही, वजन वाढवायला सांगणारेही तुम्हीच. तुम्ही एकटे चक्रावला नाहीत. उलट, कडू होणारच, असं म्हणालात. पाकिटात हर्सब्रुकर नव्हते हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि दोष हिच्या माथी जावा एवढीच तुमची धडपड होती."

"तोंडातून निघालेला एक शब्द," काका म्हणाले. "त्यावर तुम्ही मला फासावर देणार?"

"नाही. दुसरी गोष्ट या बिचाऱ्याची आहे." कुत्रं काकांच्या पायाशी येऊन बसलं होतं. "ऊन लागलं म्हणालात. भादरलेले केस अजून पुरते आलेले नाहीत, म्हणजे फार तर दीड-दोन महिने झाले. तेव्हा आम्ही सगळे कोट घालून फिरत होतो. डॉक्टरांना चांगलं आठवतंय. कुत्र्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि त्याने हिरवा लगदा ओकला होता. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, याने हॉप्स खाल्ले का? कुत्र्याला ते विषासारखे बाधतात."

सुनेला हे काकांनीच शिकवलं होतं.

"घरात एक दाणाही नाही असं तुम्ही मला सांगितलंत. मग याने खाल्ले कुठले? हिच्या पाकिटातले खरे हर्सब्रुकर कुठेतरी टाकावेच लागले असणार. बागेत पुरलेत ना? आणि याने उकरून काढले."

काकांचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता.

"डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झालेला पाय ओढत तुम्ही याला उचलून त्यांच्याकडे पळत नेलंत. तुम्ही रडत होतात म्हणे." बाईंचा आवाज खाली आला. "आणि अण्णांना जमिनीवर टाकून, दार ओढून घेऊन निघून आलात."

मग काकांनी चष्मा काढला.

"तो लॉन्ड्रीचा बॉयलर मी पाहिलाच नव्हता," ते म्हणाले. "न जाताच शिक्का मारला. त्या दिवशी कंटाळा आला होता, दुसरं काहीच नाही. मालकाने झडप बांधली होती हे खरं. पण मी गेलो असतो तर मला ती दिसली असती. अण्णाला ते एवढ्या वर्षांनी कळलं. म्हणाला, चौकशी उघडायच्या आत तू स्वतः जाऊन सांग. नाहीतर मी सांगेन. मी वायदे करत राहिलो. माझा उभा जन्म गेलाय त्या खात्यात, बाई. लोक अजून वाकून नमस्कार करतात मला."

"आणि परवा?"

"परवा त्याच्याकडे गेलो. म्हणालो, उद्या जाऊन सांगतो. तो इतका खूष झाला... तसाच वर धावला माझ्यासाठी ग्लास आणायला, चप्पल जिन्यातच सुटली त्याची." त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "त्याचा ग्लास समोरच होता. अर्धा राहिलेला. माझ्याच रक्तदाबाच्या गोळ्यांचा चुरा कित्येक दिवस खिशात होता. मला ठाऊक होतं, तो संपवल्याशिवाय राहणार नाही. माझा ग्लास मी धुऊन ठेवला."

सून उठून बाहेर गेली. फाटकाचा गज धरून उभी राहिली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आपण कधीपासून दात घट्ट आवळून धरलेत.

७

अण्णा दोन दिवसांनी शुद्धीवर आले.

दवाखान्याच्या लांबलचक बोळात नवरा बाकावर तिच्या शेजारी बसला होता. किती तरी वेळ त्याने शब्द जुळवले असावेत.

"मी तुझ्यावर संशय घेतला नव्हता," तो म्हणाला.

"घेतला होतास."

"हो," तो म्हणाला. "घेतला होता. घरात माझ्या गोळ्या, आणि मी घाबरलो होतो."

"मीही घाबरले होते. तू दारातच उभा राहिलास रे, आत आला नाहीस." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "याचं काय करायचं ते नंतर बघू. आत्ता आत मी जाते. तुला बघून ते शूर व्हायला लागतील."

अण्णा उशीत रुतलेले, एकदम लहान दिसत होते. तिला बघून त्यांनी बोटं हलवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार बोलू देऊ नका, त्रास होईल असं काही सांगू नका.

"पोरी," ते खोल आवाजात म्हणाले, "तो जाऊन सांगून आला का?"

"कोण, अण्णा?"

"काका तुझा. उद्या जातो म्हणाला होता. मला काय आनंद झाला सांगू... म्हटलं, उशिरा का होईना, माणूस वाट चुकला नाही." त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. "मग मला एकाएकी गरगरायला लागलं. त्याला हाक मारत होतो. बाहेर गेला असावा. त्याला ऐकू गेलं नाही बहुतेक."

तिने पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा खाली ठेवला. डॉक्टरांचं बजावणं तिच्या कानात होतं. पण उद्या हे नवरा सांगेल, नाहीतर पोलीस, नाहीतर वर्तमानपत्र. तिला बिअर शिकवताना अण्णा कधी थापा मारत नसत. बिघडलेल्या ग्लासाला झकास म्हणणं सोडलं, तर या माणसाने तिला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती.

तिने खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. मग सगळं सांगितलं. हळूहळू, काही न गाळता.

अण्णा छताकडे बघत ऐकत होते. मधेच एकदा त्यांनी डोळे मिटले, तेव्हा ती थांबली, पण त्यांनी बोटं दाबून पुढे बोल अशी खूण केली. तिचं सांगून संपलं तरी ते तसेच पडून होते. कानशिलावरून पाणी ओघळून उशीत जिरत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं," ते शेवटी म्हणाले.

तिने ओढणीच्या टोकाने त्यांचं कानशील पुसलं.

दारावर टकटक झाली. इन्स्पेक्टर बाई डोकावल्या. नाकावर नवा कोरा चष्मा होता. "लॉन्ड्रीच्या चौकशीवाले खाली थांबलेत," त्या हळूच म्हणाल्या. "घाई नाही. बरं वाटेल तेव्हा, आठवड्याने सांगितलंत तरी चालेल, असं म्हणतायत."

"त्या दोघी बायकांच्या घरचं कुणी आलंय का?" अण्णांनी विचारलं.

"एकीची मुलगी आलीय."

"बोलवा वर."

"अण्णा, डॉक्टर ओरडतील," सून म्हणाली.

"ओरडू दे." त्यांनी कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा हात तिच्यापुढे केला. "मला धरून नीट बसव, पोरी. ही गोष्ट आडवं पडून सांगायची नाही."